हिकरी, तुझ्या मापाचं धनुष्य

प्रिय हिकरी,



लाकडाची धनुष्यं करणारी माणसं तुझ्याविषयी दोनच प्रश्न विचारतात. तुझ्या जातींपैकी धनुष्याला सगळ्यांत चांगली कोणती, हा एक. आणि तू यू किंवा ओसेज ऑरेंज या धनुष्यासाठी नावाजलेल्या झाडांच्या पंगतीला बसण्याजोगी आहेस का, हा दुसरा. पहिल्यावर ते हिरिरीने तासन् तास बोलतात. दुसऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं: ‘हिकरी चांगलीच आहे हो, शिकाऊ माणसाला.’ हे ‘शिकाऊ माणसाला’ ऐकलं की माझं डोकं फिरतं. शिकाऊ माणसाच्या हातूनही तू मोडत नाहीस, हा तुझा गुण. तो तुझ्या कमीपणाचा दाखला कसा काय झाला? म्हणून हे पत्र. तुला वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे. ज्यांनी वाचावं असं वाटतं ते बाकीचे आहेत, म्हणून ते अनावृत.

मी ओहायोत राहते, म्हणजे तुझ्या अंगणातच. पण पुण्या-नाशकाच्या वाचकांना तू ठाऊक असण्याचं काही कारण नाही, तेव्हा आधी ओळख करून देते. तू अक्रोडाच्या कुळातली. चीन-व्हिएतनामकडे तुझे थोडे भाऊबंद आहेत, पण खरा गोतावळा उत्तर अमेरिकेच्या पूर्व अर्ध्या भागात. इथल्या मिठाईत आणि पायमध्ये पडणारा पीकन हा सुकामेवा तुझ्याच एका जातीचं फळ. कुऱ्हाडी-हातोड्यांचे दांडे, ढोलवादकांच्या काड्या, एकेकाळी घोडागाड्यांच्या चाकांचे आरे, मांस धुरवायची लाकडं, सगळीकडे तू. बॉबी जोन्सने १९३० साली एकाच वर्षात गोल्फच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, त्याही तुझ्या दांड्याच्या काठ्यांनी. जिथे लाकडाला सतत हिसके बसतात आणि तरी त्याने तुटू नये अशी अपेक्षा असते, तिथे माणसाने तुला शोधून काढलं. धनुष्याचंही काम तेच. मग तिथेच तुझी पायरी खाली का?

कारण तुला नेहमी दुसऱ्या झाडाच्या मापाने मोजलं गेलं.

धनुष्य ओढलं की त्याच्या दोन अंगांवर दोन उलट गोष्टी घडतात. नेमाकडच्या बाजूला पाठ म्हणतात, ती ताणली जाते. नेमबाजाकडची बाजू म्हणजे पोट, ते दाबलं जातं. पाठीला ताण सोसला नाही की धनुष्य मोडतं, आणि बहुतेकदा ओढलेलं असतानाच, कानाशी. पोटाला दाब सोसला नाही तर मोडत नाही, पण तिथले तंतू चेपतात आणि दोरी उतरवल्यावरही लाकूड वाकलेलं राहतं. याला मी बाक धरणं म्हणते. बाक धरलेलं धनुष्य बाण सोडतं खरं, पण आळसात.

तुझी पाठ, हिकरी, अजब आहे. ओसेज ऑरेंजच्या धनुष्यात पाठीवर एकच वार्षिक वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड ठेवावं लागतं. कारागीर त्या एका वलयाच्या मागे दिवस घालवतात, कारण सुरा जरा खोल गेला की धनुष्य तिथूनच उकलायची भीती. तुझ्यात साल काढली की खालचं पांढरं लाकूड हीच तयार पाठ. वखारीतल्या कापीव फळीवर एखाददुसरं वलय तिरपं छेदलं गेलं असेल, तरीही तू बहुधा धरून ठेवतेस. ताण सोसण्यात तुझ्या जवळपास येणारी लाकडं थोडी आहेत. पोटाचं मात्र तसं नाही. तेही काही लेचंपेचं नाही, पण पाठीच्या मानाने उणं पडतं. पाठ भक्कम, पोट दमलेलं, अशी जोडी असली की बाक पोटच धरतं.

आता यू बघ. आपल्याकडे हिमालयात थुनेर म्हणतात तो या युरोपी यूचा नातेवाईक. त्याचं सालीलगतचं पांढरं लाकूड ताण घेतं आणि आतला तांबूस गाभा दाब घेतो. जन्मतःच दोन लाकडांचं जोडकाम. शिवाय तो तुझ्यापेक्षा खूप लवचीक. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला १९१० पासून अमेरिकेच्या वनखात्याची लाकूड प्रयोगशाळा आहे. तिच्या तक्त्यात पॅसिफिक यूचा ताठरपणा १३.५ लाख पौंड प्रति चौरस इंच दिलाय, तर तुझ्या पिगनट जातीचा २२.६ लाख. म्हणजे तू दीडपटीहून अधिक ताठ. त्यामुळे यू जाड ठेवून खोल वाकवता येतो. इंग्रजांचं लाँगबो तसंच असतं: अरुंद, जाड, पोटाकडे गोलाई. १५४५ मध्ये बुडालेलं आणि १९८२ मध्ये वर काढलेलं ‘मेरी रोझ’ हे जहाज अशा धनुष्यांनी भरलेलं होतं. ती धनुष्यं जगाने पाहिली आणि धनुष्य म्हटलं की डोळ्यांसमोर येणारं हेच चित्र आणखी पक्कं झालं.

मग तोच आकार तुझ्या लाकडात कोरायचा, आणि बाक धरला की म्हणायचं, हिकरी दुय्यम! यात लाकडाचा दोष किती आणि कोरणाऱ्याचा किती?

हिशोब सोपा आहे. धनुष्याच्या बाहूची जाडी दुप्पट केली तर ताठरपणा आठपट होतो. रुंदी दुप्पट केली तर फक्त दुप्पट. पण तितक्याच वाकण्यात तंतूंवर किती ताण येणार हे ठरतं जाडीवरून, रुंदीचा त्यात वाटा नाही. म्हणजे ताठ लाकडाला पातळ करा, आणि गेलेला जोर रुंदीतून भरून काढा. ओढायला ५० पौंडांचा जोर लागेल असं धनुष्य हवं असेल तर तुला साडेपाच फूट लांब, बाहूंपाशी पावणेदोन ते दोन इंच रुंद आणि चपटं ठेवायचं, की तू बाक धरायची जवळजवळ विसरतेस. एक पुढची खुबीही आहे. पाठ पोटापेक्षा थोडी अरुंद तासायची. तुझी पाठ इतकी समर्थ की तिच्यातलं लाकूड काढून टाकलं तरी तिला काही वाटत नाही, आणि पोटावरचा भार हलका होतो. हे फार कमी लाकडांशी करता येतं.

रॉजर ॲस्कमने ‘टॉक्सोफिलस’ हा इंग्रजीतला धनुर्विद्येवरचा पहिला ग्रंथ लिहिला तो १५४५ सालीच, आणि त्यात यूला सगळ्या लाकडांत वरचं स्थान दिलं. त्याला दोष देता येत नाही. तो तुला भेटलाच नव्हता. भेटू शकला असता, ही यातली चुटपुट. हिमयुगांच्या आधी तुझे पूर्वज युरोपातही होते, त्यांचे परागकण तिथल्या जुन्या थरांत सापडतात. बर्फ दक्षिणेकडे सरकू लागला तेव्हा युरोपातल्या झाडांना आल्प्स आणि पिरेनीज या आडव्या पर्वतरांगांनी अडवलं. इकडे ॲपलाशियन पर्वत उत्तर-दक्षिण पसरलेला, त्यामुळे इथल्या झाडांना उबेकडे सरकायला वाट मिळाली. तू इकडे उरलीस, तिकडे संपलीस. आणि मग इंग्लंडवर अशी पाळी आली की यू पुरेना. १४७२ मध्ये राजाने कायदा करून बंदरात माल आणणाऱ्या जहाजांवर मालाच्या प्रत्येक टनामागे चार धनुष्यकाठ्या आणायची सक्ती केली. चुकून तुझी राई केंटमध्ये उरली असती तर त्या कायद्याचं काय झालं असतं, हा विचार मी अधूनमधून करते. त्याने काही साध्य होत नाही, पण मजा येते.

पुढे तू इंग्रजांच्या हाती लागलीस, तीही अवघड भूमिकेत. एकोणिसाव्या शतकात सभ्य स्त्री-पुरुषांच्या नेमबाजीच्या खेळाला बहर आला, तेव्हा कारागीर यू किंवा लान्सवूड नावाच्या लाकडाच्या धनुष्याच्या पाठीवर तुझी पातळ पट्टी चिकटवत. पोट दुसऱ्याचं, पाठ तुझी. तुझा ताण सोसायचा गुण त्यांनी नेमका ओळखला होता, हे कबूल करायला हवं. पण नाव त्या धनुष्याला पोटाच्या लाकडाचं. लग्नात नवरीबरोबर सासरी पाठवलेल्या पाठराखणीसारखी तुझी गत: सगळं निभावून न्यायचं, आणि कौतुक मात्र नवरीचं. आजही इपे नावाच्या लाकडाच्या किंवा ओसेजच्या पोटावर तुझी पाठ चढवून उत्तम धनुष्यं करतात, मीही करते. माझी तक्रार जोडकामाबद्दल नाही. तुला एकटीलाही काही जमतं हे जे विसरलं जातं, त्याबद्दल आहे.

आणि ते इथल्या मूळच्या लोकांना कोणी सांगायला नको होतं. हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयात एक जुनं धनुष्य आहे, सडबरी धनुष्य म्हणून ओळखलं जाणारं. मॅसॅच्युसेट्समधल्या सडबरी गावी १६६० मध्ये एका वसाहतवाल्याने आपल्या घरात शिरलेल्या स्थानिक माणसाला गोळी घातली आणि त्याच्याकडचं हे धनुष्य ठेवून घेतलं. गोळी घालणाऱ्याचं नाव सोबतच्या नोंदीत आहे. ज्याचं धनुष्य होतं त्याचं नाव कुठेच नाही. धनुष्य हिकरीचं आहे. साधारण साडेपाच फूट लांब, मुठीशी अरुंद, बाहू चपटे, टोकांकडे निमुळतं होत गेलेलं. वरचा जाडी-रुंदीचा हिशोब मी आकड्यांत मांडला. त्या अनामिक माणसाने तो हाताने मांडला होता. आज जगभर हौशी लोक त्याच्या नकला करतात, आणि त्या नकला चांगल्या चालतात.

पूर्वेकडच्या जंगलांत राहणाऱ्या चेरोकी, इरोक्वाय आणि इतर कित्येक लोकांच्या धनुष्यांमध्ये ॲश, लोकस्ट अशा लाकडांबरोबर तू होतीस. त्यांच्या रोजच्या जगण्यातही होतीस. चेरोकी तुझी फळं कवचासकट कुटून, त्यांचे लाडू वळून, पाण्यात उकळून ‘कनूची’ नावाचं दाट सार करत, अजूनही करतात. इरोक्वाय लोकांच्या लॅक्रॉस खेळाच्या वाकवलेल्या काठ्या तुझ्याच. म्हणूनच पुढची गोष्ट मला बोचते. अँड्र्यू जॅक्सनला त्याच्या सैनिकांनी १८१३ च्या सुमारास ‘ओल्ड हिकरी’ हे टोपणनाव दिलं. हा माणूस हिकरीइतका चिवट आहे, असं त्यांना म्हणायचं होतं. दुसऱ्या वर्षी हॉर्सशू बेंडच्या लढाईत क्रीक लोकांविरुद्ध त्याच्या बाजूने चेरोकी योद्धे लढले. पुढे हाच जॅक्सन राष्ट्राध्यक्ष झाला, त्याने १८३० मध्ये पूर्वेकडच्या जमातींना मिसिसिपीपलीकडे हलवण्याचा कायदा मंजूर करून घेतला, आणि १८३८ मध्ये, तो पायउतार झाल्यावर, चेरोकींना बंदुकीच्या धाकाने ओक्लाहोमाच्या वाटेला लावण्यात आलं. त्या वाटेवर अंदाजे ४,००० माणसं मेली असं मानलं जातं. तुझं नाव मिरवणाऱ्या माणसाने तुझी धनुष्यं करणाऱ्यांना त्यांच्या रानांपासून तोडलं. यात तुझा काय संबंध, असं कुणी म्हणेल. काही नाही. पण ‘ओल्ड हिकरी’ हे नाव इथल्या शाळांवर आणि रस्त्यांवर दिसतं तेव्हा माझ्या मनात हे येतंच.

ओक्लाहोमात पोचलेल्यांना नवं झाड मिळालं. तांबड्या नदीच्या खोऱ्यातलं ओसेज ऑरेंज, पिवळंजर्द, काटेरी, सहजी न कुजणारं. चेरोकी कारागिरांनी ते आपलंसं केलं, आणि तिथले धनुर्धर मक्याच्या धांडांच्या ढिगावर नेम धरायचा आपला जुना खेळ आता त्याच्या धनुष्यांनी खेळू लागले. जे उत्तर कॅरोलायनाच्या डोंगरांत लपून मागे राहिले, त्यांच्याकडे तू राहिलीस. झाडांची प्रतवारी करणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी असं मला वाटतं. लोक चांगलं लाकूड शोधत फिरत नसतात. जिथे नेऊन टाकलं जातं तिथल्या लाकडाला ते जमवून घेतात.

आता जातींकडे वळते, कारण त्याशिवाय हे पत्र वाचणारे धनुष्यकार मला सोडणार नाहीत.

तुझे दोन गट. खऱ्या हिकऱ्या: शॅगबार्क, शेलबार्क, पिगनट, मॉकरनट. आणि पीकन गट: पीकन, बिटरनट, पाणथळ जागी येणारी वॉटर हिकरी, दक्षिणेकडची नटमेग. शॅगबार्क लांबूनही ओळखू येते, तिची साल लांब लांब पट्ट्यांनी खोडापासून सुटून लोंबत असते. पानात पर्णिका बहुधा पाच. शेलबार्कची सालही तशीच, पण पर्णिका सात आणि वस्ती नदीकाठच्या ओलसर मातीत. पिगनट कोरड्या उतारांवर, साल घट्ट, फळ अंजिरासारखं देठाकडे निमुळतं, चव बेभरवशाची. मॉकरनटचं कवच जाड आणि आत गर नावापुरता, पण तिची लवदार पानं चुरली की सुंदर वास येतो. बिटरनट हिवाळ्यातही चुकत नाही, कळ्या गंधकासारख्या पिवळ्या. इथल्या अस्वलांना आणि खारींना यातल्या कुठल्या जातीत काय आहे ते आपल्याहून जास्त कळतं.

मॅडिसनच्या तक्त्यात, १२ टक्के ओलाव्याला, पाण्याच्या तुलनेत पिगनटचं लाकूड ०.७५ इतकं जड. शॅगबार्क आणि मॉकरनट ०.७२, शेलबार्क ०.६९, पीकन आणि बिटरनट ०.६६. वाकवून मोडेपर्यंतची ताकद शॅगबार्कची २०,२०० पौंड प्रति चौरस इंच, पिगनटची २०,१००, मॉकरनटची १९,२००. बिटरनट १७,१०० वर येते आणि पीकन १३,७०० वर. तेव्हा विचारणाऱ्याला सरळ उत्तर हवं असेल तर ते हे: पिगनट पहिली, तिच्या खांद्याला खांदा लावून शॅगबार्क आणि मॉकरनट, मागून शेलबार्क, मग बिटरनट, मग पीकन. माझं मत पिगनटकडे झुकतं. कोरड्या उतारावरची पिगनट कानशीखाली वेगळी लागते, ठिसूळपणाचा लवलेश नसतो.

पण हे आकडे सरासरीचे आहेत, हे लोक विसरतात. एकाच जातीच्या दोन झाडांत जो फरक असतो तो दोन जातींच्या सरासरीतल्या फरकाहून मोठा असू शकतो. तुझ्या वलयांत वसंतात तयार होणारा भाग सच्छिद्र असतो आणि उन्हाळ्यात होणारा भाग घट्ट. झाड जोमाने वाढलं की हा घट्ट भाग रुंद होतो. म्हणून सावलीत कुढत वाढलेल्या, केसासारखी बारीक वलयं असलेल्या शॅगबार्कपेक्षा मोकळ्यावर वाढलेली बिटरनट धनुष्याला बरी ठरू शकते. शिवाय वखारीत फळ्या होऊन पडलीस की तुझी जात ओळखणं जवळजवळ अशक्य. तिथे पाटीवर नुसतं ‘हिकरी’, कधी ‘हिकरी-पीकन’. मी दोन सारख्या मापाच्या फळ्या हातांत धरते, जड असेल ती घेते, आणि तिच्या कडेवरून रेषा सरळ धावताहेत का ते बघते. जातीचा प्रश्न तिथे संपतो.

रंगाचंही असंच. दांडे करणारे कारखाने पूर्वी फक्त पांढरी, म्हणजे सालीलगतची हिकरी घेत आणि लालसर गाभा टाकून देत. गाभा कमजोर असतो अशी सगळ्यांची पक्की समजूत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वनखात्याने तुझे दांडे खरोखरच तोडून पाहिले, तेव्हा निघालं की वजन सारखं असेल तर पांढरी, लाल आणि मिश्र यांच्या ताकदीत फरक नाही. इतकं चांगलं लाकूड केवळ रंगापायी सरपणात गेलं होतं. समजूत मात्र अजून गेलेली नाही. दुकानात पांढऱ्या दांड्याची कुऱ्हाड आधी उचलली जाते.

मग ‘शिकाऊ लाकूड’ हा शिक्का निघायला कधी सुरुवात झाली? खरं तर दोनदा झाली. १९३० च्या आसपास क्लॅरन्स हिकमन, पॉल क्लॉप्स्टेग आणि फॉरेस्ट नेगलर या तिघांनी धनुष्याकडे शास्त्राच्या नजरेने पाहिलं. हिकमन तर बेल प्रयोगशाळेतला माणूस. त्यांनी गणित आणि मोजमापं करून दाखवलं की इंग्लिश गोलाईपेक्षा चपटा, आयताकृती छेद लाकडाकडून अधिक काम घेतो. पण तेव्हा हौशी लोकांचा जीव यूवर आणि क्यूबाहून येणाऱ्या लेमनवूडवर होता, आणि थोड्याच वर्षांत फायबरग्लास आलं. फायबरग्लास आल्यावर कुणाला कुठल्याच लाकडाचं सोयरसुतक राहिलं नाही. तू उरलीस शाळांच्या आणि उन्हाळी शिबिरांच्या धनुष्यांत. बहुधा तिथेच तो शिक्का पक्का झाला.

दुसऱ्यांदा १९९२ मध्ये. ‘ट्रॅडिशनल बोयर्स बायबल’ या ग्रंथमालेचा पहिला खंड आला. त्यात टिम बेकर, पॉल कॉमस्टॉक अशा लोकांनी ठणकावून सांगितलं की पांढरी लाकडं, म्हणजे हिकरी, ॲश, एल्मसारखी, कमी प्रतीची नसतात. त्यांना त्यांच्या जोगा आकार द्या, म्हणजे ती यू-ओसेजच्या बरोबरीने बाण फेकतात. पुराव्याला फार जुनी साक्ष होती. डेन्मार्कच्या होल्मेगार्डच्या दलदलीत १९४० च्या दशकात एल्मच्या लाकडाची धनुष्यं सापडली होती, सुमारे ९,००० वर्षांपूर्वीची. रुंद, चपट्या बाहूंची. यूच्या लाँगबोच्या कितीतरी आधी कुणीतरी पांढऱ्या लाकडाचं गणित सोडवून ठेवलं होतं, आणि सडबरीच्या माणसाने ते इकडे स्वतंत्रपणे सोडवलं होतं. विसाव्या शतकातल्या पुस्तकांना ते पुन्हा शोधून काढावं लागलं.

एवढी तुझी बाजू घेतल्यावर तुझा खरा अवगुणही सांगायला हवा. तो जातीचा नाही, आकाराचा नाही. तुला पाणी फार आवडतं.

सगळीच लाकडं हवेतला दमटपणा शोषतात, पण धनुष्य म्हणून तू त्याला फारच बळी पडतेस. हवेतली आर्द्रता ३० टक्के असली की लाकडातला ओलावा सुमारे ६ टक्क्यांवर स्थिरावतो. ५० टक्क्यांना ९, ६५ ला १२, ८० ला १६. ओसेज ८-९ टक्क्यांवर खूश असतं. तू ६-७ च्या आसपास खुलतेस. १० च्या वर गेलीस की बाक धरायला लागतेस आणि बाण सुस्त होतो. पण तेव्हाही मोडत नाहीस, त्यामुळे लोक तशीच वापरत राहतात आणि मग नावं ठेवतात. ॲरिझोना-न्यू मेक्सिकोच्या कोरड्या मुलुखात, जिथे इतर बरीच लाकडं कडकडीत होऊन तडकतात, तिथे तू सगळ्यांच्या पुढे जातेस. गंमत बघ, जिथे तू मुळीच उगवत नाहीस तिथे तुझं धनुष्य सर्वांत चांगलं. ओहायोच्या जुलैत घामाने अंग चिकट होतं तेव्हा मी तुला दिव्याच्या उबेने गरम ठेवलेल्या लाकडी पेटीत ठेवते. तासायच्या आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करते, आणि वजन उतरायचं थांबलं की मगच कानस हातात घेते. घाई केली तर जे काही बिघडतं ते पहिल्याच ताणात, आणि मग कितीही वाळवलं तरी भरून येत नाही.

पोट विस्तवावर धरून भाजणं हा आणखी एक उपाय. ग्रंथमालेच्या २००८ मधल्या चौथ्या खंडात मार्क सेंट लुईसने त्यावर सविस्तर लिहिलं आहे. गरम हवेच्या पिस्तुलाने किंवा निखाऱ्यांवर पोटाचा भाग हळूहळू तांबूस-तपकिरी होईपर्यंत शेकायचा. पोट घट्ट होतं, दाब जास्त सोसतं, आणि पुढे दमटपणाही कमी घेतं. पाठीला मात्र आच लागू द्यायची नाही. पाठ भक्कम असल्यामुळे हा खेळ तुझ्याशी निर्धास्त खेळता येतो. इतर पांढऱ्या लाकडांशी जरा जपून.

आणि साल. तोडल्यावर तुला सालीसकट ठेवणं म्हणजे कीटकांना आमंत्रण. तुझ्या पांढऱ्या लाकडातल्या पिष्टावर टपलेली भुंग्यांची एक जात आहे, ती आत शिरली की काही महिन्यांत ओंडक्याखाली पिठासारखा भुसा पडायला लागतो आणि पाठीवर टाचणीएवढी भोकं दिसतात. वसंतात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला तोडलं तर साल मोठ्या पट्ट्यांनी सहज सुटते, आणि आतली चिवट अंतरसाल ॲपलाशियन डोंगरांतल्या खुर्च्यांच्या विणीला कामी येते. मग टोकांना गोंद किंवा रंग लावायचा, नाहीतर लाकूड टोकाकडून भेगाळत जातं. यातली एकही गोष्ट अवघड नाही. ओसेजवर एक वलय शोधत बसण्यापेक्षा कितीतरी सोपी.

राहता राहिलं एक. शॅगबार्कला भरघोस फळं धरायलाच चाळीस वर्षं लागतात आणि ती दोन-तीनशे वर्षं जगते. धनुष्याला लागतं ते जेमतेम आठ इंच जाडीचं, सरळ, फांद्या नसलेलं खोड, आणि अशी तरुण झाडं रानात दाटीने उगवलेली असतात. त्यांतली बरीचशी पुढे सावलीत मरायचीच असतात, तेव्हा तोडायचं तर त्यांतलं एखादं. ज्या लोंबत्या सालीच्या म्हाताऱ्या शॅगबार्कचे फोटो सगळे काढतात, तिचं लाकूड धनुष्याला नको आहे. ती खारींना लागते. आणि उन्हाळ्यात तिच्या सुट्या सालीखाली वटवाघळं राहतात, त्यांत इंडियाना बॅट ही धोक्यात आलेली जातही आहे. तिच्याकडे कुऱ्हाड घेऊन येणाऱ्या धनुष्यकाराशी माझं भांडण आहे, मग त्याच्या हातात कुठल्याही जातीचा तक्ता असो.

कळावे. लोभ असावा.

तुझी,
ओहायोतली एक धनुष्य करणारी

ता. क. रत्नागिरीला जुलैत माहेरी जाणार आहे. तुझं धनुष्य बरोबर घ्यायचा मोह झाला होता, पण तिथे पावसाळ्यात आर्द्रता ८५-९० टक्के असते, आणि मग तुझ्या पोटातला ओलावा १८ च्या वर. तू तिथे जाऊ नयेस हेच बरं. सह्याद्रीत धामण नावाचं झाड आहे. त्याचं लाकूड कुऱ्हाडीच्या दांड्यांना आणि कावडींना वापरतात, वाकतं आणि परत सरळ होतं. सुताराकडे त्याची वाळलेली, सरळ रेषांची काठी मिळते का बघते. रुंदी मात्र त्याच्या मापाने ठेवीन, तुझ्या नाही.